ओटीतला गहू

लग्न झाल्यापासून माहेरच्या कानबाईचा रोट मी खाल्लेला नाही. खाताच येत नाही. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि तिच्या नैवेद्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. नुकतंच पाळण्यात घातलेलं पोर असो की काठी टेकणारा म्हातारा, मूठ सगळ्यांना सारखीच. त्या गव्हाच्या पिठाचं जे काही होईल तो रोट. तो फक्त भाऊबंदकीत खायचा, परक्याला द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. लग्न झालेली लेक परकी. देवीपुढे बसून गाणी म्हणायला ती चालते, पोळ्या लाटायला चालते, भांडी घासायला तर फारच चालते. जेवायला बसली की तिच्यासाठी वेगळ्या पिठाची पोळी.

लग्न नवं होतं तेव्हा मला याचा फार राग यायचा. आता पन्नाशी उलटली, राग थकलाय, पण गेलेला नाही.

माझं माहेर पारोळा तालुक्यातलं. शेत काळं, नाल्याच्या काठाला लागून. मी थोरली, माझ्या पाठचा भाऊ शेती बघतो. त्याला अख्खं गाव भाऊच म्हणतं आणि मीही भाऊच म्हणते. आमच्या घरात रोटाचा आणखी एक नियम होता: गहू घरच्या वावरातलाच हवा. बाजारचा गहू देवीला चालत नाही. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण ज्याने केला त्याच्या काळात तो पाळायला काहीच अवघड नसणार. घरोघरी बन्सी गहू असायचा. लांबट, पिवळसर, दाताखाली कडक. त्याला पाणी लागत नाही, पावसाळ्याने जमिनीत ठेवलेल्या ओलीवर तो येतो. एकरी उतारा कमी, पण खीर करावी तर त्याचीच आणि शेवया वळाव्यात तर त्याच्याच.

मग विहिरी झाल्या, मोटारी आल्या, कपाशीचं पाकीटबंद बियाणं आलं. भाऊने एकेक करत सगळं वावर कपाशी आणि मक्याखाली आणलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, सगळ्या शिवारानेच तसं केलं. कपाशी जिनिंगला जाते, मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो. बी दरवर्षी दुकानातून, खत दुकानातून, फवारा दुकानातून आणि शेवटी पोटाला लागणारं धान्यही दुकानातूनच. एवढ्या मोठ्या वावरात उभं राहून तोंडात टाकावं असं काही नाही. बांधावरची बोरं सोडून.

मायने मात्र आपला हट्ट सोडला नाही. नाल्याकाठच्या पट्ट्यात ती दर वर्षी चार तास बन्सी पेरायला लावायची. तास म्हणजे पेरणीची ओळ. भाऊ कुरकुरायचा. चार तासांसाठी पेरणीची पाभर काढायची, माणूस लावायचा, वर रानडुकरांची राखण करायची. पूर्वी सगळ्यांचाच गहू असायचा तेव्हा डुकरांचं आणि पाखरांचं नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं. आता शिवारात गहू एकट्या मायचा, म्हणून सगळ्या शिवाराची पाखरं तिच्याच चार तासांवर. तरी ती ऐकायची नाही. भाऊने फारच तोंड वाजवलं तर म्हणायची, "तुनी कपाशी रांधीसन खाशी का?" त्यावर भाऊ पाभर काढायचा. कपाशी रांधता येत नाही, हे खरंच होतं.

निघालेल्या गव्हातून ती आधी बी बाजूला काढायची. चुलीची राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते पत्र्याच्या कोठीत ठेवायची. मग रोटाचा गहू. उरलेल्यातून शेवया. आणि दिवाळीला भाऊबीज करून मी सासरी निघाले की माझ्या ओटीत नारळ, खण आणि ओंजळभर बन्सी. तांदूळ नाही. ओटी तांदळाने भरायची असते, असं मला दीपनगरच्या बायकांनी शिकवलं. माझे मालक तिथल्या वीजकेंद्रात नोकरीला, आम्ही तिथल्याच वसाहतीत राहतो. मी घरी आले की तो गहू दळायच्या डब्यात ओतायचे आणि त्याची खीर करायचे. मालकांना ती आवडायची. पण गव्हासाठी एवढा आटापिटा का, हे त्यांना कधी कळलं नाही. त्यांचं वर्तमानपत्र वाचून ठरलेलं होतं. "देशाची गोदामं भरलेली आहेत," ते म्हणायचे. "पंजाब आहे, मध्य प्रदेश आहे. प्रत्येकाने आपापला गहू पिकवायचा हा काय अडाणीपणा?"

मी म्हटलं, मग उद्यापासून स्वयंपाकही पंजाबातूनच मागवा. ते हसले. मी हसले नाही.

टाळेबंदीत एकदा ते हसणंही बंद झालं. गाड्या थांबल्या होत्या, बाजार बंद होता, भुसावळला किराणा मिळेनासा झाला होता. माहेरी फोन केला तर वहिनी सांगत होती की भाऊ रेशनच्या रांगेत उभा आहे. माझा भाऊ! ज्याच्या वावराला फेरा मारायला सकाळ पुरत नाही तो माणूस पिशवी घेऊन रांगेत, आणि त्याच्या पुढे-मागे सगळे त्याच्यासारखेच कपाशीवाले, मकावाले. गोदामं भरलेली असतील, मी नाही म्हणत नाही. पण गावातलं दुकान तेव्हा रिकामं होतं. मायने कोठी उघडली आणि गल्लीतल्या दोन घरांना पायली पायली गहू दिला. बी मात्र दिलं नाही. घरच्यांनाही नाही. त्या दिवसांत आमच्याच घरात मक्याच्या भाकरी झाल्या, पण बियाला तिने हात लावू दिला नाही. वहिनी तेव्हा चिडली होती. पुढे सगळं सुरू झालं, गाड्या आल्या, दुकान भरलं, आणि माणसं ते दिवस इतक्या झटपट विसरली की मलाच नवल वाटलं. त्या वर्षीही शिवारात गहू मायचाच.

नंतर काही वर्षांनी एका माघात माय गेली. फार हाल झाले नाहीत. गव्हाच्या ओंब्या तेव्हा भरत होत्या. घर दुःखात, राखणीला कोण जाणार? दिवस उरकेपर्यंत डुकरांनी तिच्या चार तासांतले तीन लोळवले होते. जे उरलं ते भाऊने स्वतः कापलं, झोडपलं आणि कोठीत टाकलं. तेवढंच. त्यात बी आणि खायचं असं वेगळं काढण्यासारखं काही नव्हतंच.

वर्षभर सुतकाचं, म्हणून त्या श्रावणात कानबाई बसली नाही. आश्विनात पेरणीच्या वेळी पाऊस लांबला, कपाशी वेचायला माणूस मिळेना, आणि भाऊने ते चार तास पेरले नाहीत. फोनवर म्हणाला, पुढच्या वर्षी पेरू, बी तर कोठीत आहेच.

पुढच्या श्रावणात दोन वर्षांची कानबाई एकदम बसायची होती. सुरतेहून, नाशिकहून, पुण्याहून अख्खी भाऊबंदकी आली. गावात उरलेल्यांत आबा सगळ्यांत मोठे. आबा म्हणजे आमचे चुलतकाका, रीतीरिवाजाचा शब्द त्यांचा. मीही चार दिवस आधीच गेले होते. गहू काढायच्या दिवशी सगळे पडवीत जमले. वहिनीने पाट मांडला, रांगोळी काढली, आणि कोठी पुढे आणली.

मी म्हटलं, "भाऊ, बी शे ते. चार मुठी तरी आधी बाजूले काढ."

भाऊ थांबला. काढणार होता, असं मला अजूनही वाटतं. पण आबा बोलले. "देवीना नावनं कोठी उघडी. आते काही काढानं नही." मी म्हटलं, यंदा रोटाला बाजारचा गहू आणू, हा पेरू, पुढच्या वर्षी देवीला हवा तेवढा घरचा देऊ. सुरतेचा एक पुतण्या मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. आबा मला काही बोलले नाहीत, ते भाऊशीच बोलले. "घरमा घरना गहू शे आनि देवीले बाजारना देवाना का?"

याचं उत्तर देण्याचा हक्क मला नव्हता. मी परक्या घरची.

भाऊ माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "उरी, अक्का. कसाले घाबरस?"

त्याचा उरण्याचा हिशोब मायच्या वेळचा होता. मायच्या वेळी रोट काढूनही कोठी निम्मी भरलेली असायची. पण मूठ तेव्हा माय भरायची. तिची मूठ केवढी? लहान पोरीच्या बांगड्या तिच्या हातात सहज जायच्या. आता मूठ भाऊची. नांगर, फावडं आणि औषधाचा पंप धरून तयार झालेला तो पंजा, आणि देवीचं काम म्हणून तो हात राखून भरत नव्हता. शिवाय घरातले पुरुष वाढले होते. नाव आलं की मूठ पडायची. सुरतेच्याचे जुळे, पुण्याच्याचा परदेशातला मुलगा, नाशिकच्याचा अजून बारसंही न झालेला. जो गव्हाला कधी शिवणार नाही, ज्याला बन्सी दाखवला तर ओळखू येणार नाही, त्याच्याही नावाने सव्वा मूठ बी. मी खांबाला टेकून उभी होते आणि पत्र्यावर घासणारा भाऊचा हात ऐकत होते. आधी तो आवाज येत नव्हता. मग दर मुठीला यायला लागला.

शेवटची काही नावं राहिली आणि कोठी संपली. राखेसकट झटकली तरी नाही. भाऊने वहिनीकडे पाहिलं. वहिनी आत गेली आणि घरखर्चाच्या डब्यातला बाजारचा गहू घेऊन आली. आबांनी तेवढ्यापुरती मान वळवली, जणू अंगणात काही दिसलं. उरलेल्यांच्या मुठी त्यातून पडल्या. शेवटची मूठ भाऊची स्वतःची होती, तीसुद्धा बाजारच्या गव्हाची.

मला रडू आलं नाही. मला संताप आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

कानबाई थाटात झाली. नथ घातलेली देवी चौरंगावर बसली, बायकांनी गाणी म्हटली, फुगड्या घातल्या, मीही घातल्या. सोमवारी देवी नदीला गेली आणि त्याच संध्याकाळी सुरतेच्या, पुण्याच्या गाड्या निघाल्या. नोकऱ्या होत्या, शाळा होत्या. रोट मात्र ढीगभर राहिला. बाहेरगावी न्यायचा नाही, शेजारी द्यायचा नाही. भाऊ आणि वहिनीने दोन्ही वेळ तोच खाल्ला. दुधात कुस्करून खाल्ला, वाळवून खाल्ला. वहिनीचं पोट बिघडलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी उरलेला रोट भाऊने गाईपुढे ठेवला. गाय घरचीच, म्हणून चालतं. तिने थोडा खाल्ला आणि तोंड फिरवलं.

हे मला वहिनीने फोनवर सांगितलं. भाऊ फोनवर यायला तयार नव्हता.

आश्विनात तो आला. न कळवता, भुसावळपर्यंत एसटीने आणि तिथून रिक्षाने. दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. पाणी प्यायला, बसला आणि सांगायला लागला. बन्सीचं बी शोधायला तो पारोळ्याचा बाजार फिरला होता, अमळनेर फिरला होता, धुळ्यापर्यंत गेला होता. दुकानदार म्हणत, बन्सी आता कोण मागतं? दुसरं चांगलं बियाणं घ्या, उतारा बघा केवढा. त्या बियाण्याला पाणी लागतं, आणि नाल्याकाठच्या पट्ट्यापर्यंत विहिरीचं पाणी जात नाही. ज्यांच्याकडे पूर्वी बन्सी असायचा अशा घरांतही तो जाऊन आला. तिथे म्हातारी माणसं गेली होती, आणि त्यांच्याबरोबर गहूही.

"वावर तयार करेल शे," तो म्हणाला. "वल बी चांगली शे." ओल चांगली होती, पट्टा तयार होता, आणि पेरायला काही नव्हतं. मग तो मान खाली घालून म्हणाला, "अक्का, मायनी भरेल ओटी शे का तुनाकडे?"

मायने मला शेवटची ओटी भरली ती गेली त्या आधीच्या भाऊबीजेला. दळायच्या डब्यात ओतायची राहून गेली होती, आणि नंतर ओतवेना. खणात बांधलेली ती पुरचुंडी मी कपाटात माझ्या शालूच्या घडीत ठेवली होती. कधीतरी काढून वास घ्यायचा, परत ठेवायची.

"दिलेली ओटी परत नेतस नही, माले म्हाईत शे," भाऊ म्हणाला. "पन."

मी उठले. एवढं हलकं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. ज्या घराचा रोट मला चालत नाही, त्या घराचं बी माझ्या कपाटात होतं! मी अक्षरशः धावत गेले. स्वयंपाकघरातून मोठं ताट आणलं, ओट्यावर ठेवलं. मालकही वर्तमानपत्र बाजूला ठेवून आले. मी गाठ सोडली.

आधी पीठ सांडलं. पिवळसर, बारीक पीठ. मग त्यातून सोंडकिडे चालत बाहेर आले, ताटाच्या काठाकडे. दाणे दिसायला शाबूत होते, पण बोटात धरला की प्रत्येकाला भोक. दाबला की नुसतं टरफल. शालूलाही भोकं पडली होती, ती मला नंतर दिसली. चिमूटभर राख घातली असती तर कदाचित टिकला असता. मायने उभा जन्म राख घातली, आणि दीपनगरला राहून मला राख मिळाली नसती असं तर नव्हतं. मी ते बी म्हणून ठेवलंच नव्हतं. आठवण म्हणून ठेवलं होतं, आणि आठवणीला कोण राख घालतं?

भाऊ ताट मांडीवर घेऊन खिडकीशी बसला आणि एकेक दाणा निवडायला लागला. मीही बसले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं निवडत होतो, लहानपणी मायच्या समोर सुपातला गहू निवडायचो तसे. मालकांनी चहा केला. लग्नानंतर प्रथमच केला असेल. बिनभोकाचे दाणे मूठभरही निघाले नाहीत. त्यातले निम्मे मी भाऊच्या सांगण्यावरून ओल्या फडक्यात गुंडाळले, उगवतात का पाहायला. निम्मे कोरडे ठेवले. कपाशी फुटलेली होती, भाऊला थांबता येत नव्हतं. सकाळच्या गाडीने तो गेला.

मी त्या फडक्याला जपलं. कोमट पाणी शिंपडायची, उलगडून बघायची, परत गुंडाळायची. दाणे फुगले. मग मऊ झाले. मग त्यांना आंबूस वास यायला लागला. मी तरी आणखी दोन दिवस वाट पाहिली. मालक एकदाच म्हणाले, "अगं, आता टाक ते." मी फडकं परत गुंडाळलं.

शेवटी फोन केला. "एक बी दाना उगना नही, भाऊ."

तिकडे मागे वहिनीचा आवाज येत होता, ती माणसांना चहा देत असावी. मग भाऊ म्हणाला, "कोरडा उरेल शेतस ना? फेकू नको. कानबाईले लई येजो."

या श्रावणात मी ते दाणे घेऊन गेले. पडवीत पाट मांडलेला होता, आणि पाटाशेजारी बाजारातून आणलेलं गव्हाचं पोतं, वरची छपाई आतल्या बाजूला वळवलेलं. आबा यायच्या आत भाऊने माझी पुरचुंडी घेतली, दाणे पोत्यातल्या गव्हात टाकले आणि कोपरापर्यंत हात घालून कालवले. क्षणात ते कुठे गेले ते मलाही सांगता आलं नसतं. मग आबा आले, टेकले, आणि त्यांनी विचारलं, "घरनाच शे ना गहू?"

"घरनाच शे, आबा," भाऊ म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही खाली पाहत होते.

नावं घेतली गेली, मुठी पडल्या. या वेळी हात पत्र्यावर घासला नाही, पोतं भरलेलंच राहिलं. दुपारी वहिनीने त्यातूनच एक शेर गहू वेगळा काढला आणि वेगळा दळून आणला. रविवारी पंगत बसली. पुरुष उठल्यावर बायका बसल्या, आणि मी त्यांच्यापासून जरा बाजूला. वहिनीने सगळ्यांना रोट वाढला आणि माझ्या ताटात वेगळ्या पिठाची पोळी वाढली. पोतं एकच होतं. त्यांच्या पिठात कदाचित मायने मला दिलेले चार दाणे होते, तेवढ्याने ते घरचं झालं होतं, म्हणून ते मला चालत नव्हतं.